दुसऱ्या गिअरवरची आत्या

किसिमी, फ्लोरिडा
९ फेब्रुवारी १९९७

बेर्तो,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनच केला असता. पण तुझा फोन कापलाय, आणि तू आत्याच्या दिवाणखान्यात बसून आत्याच्या फोनवर बोलतोस, तेव्हा ती शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत असते. तिच्याविरुद्धचा कट तिच्याच फोनवर शिजवायचा कसा? म्हणून तिकीट चिकटवलं.

नाताळात ती काय बोलली ते आठवतंय ना? पाळण्यातल्या येशूसमोर, डुकराच्या तंगडीवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत: "ज्या दिवशी माझी गाडी चालायची बंद होईल, त्या दिवशी मी झोराइदाकडे जाईन राहायला." ओब्दुलिया आत्या एकदा बोलली की बोलली. मग आपण काय करायचंय? काहीच नाही. तू आयुष्यभर जे करत आलास तेच. ती करोला त्र्याहत्तरची आहे, खोकते, धूर सोडते. आत्या म्हणेल, "बेर्तो, जरा बघ रे." तू बघ. नुसतं बघ. पाना हातात घेऊ नकोस.

आत्या बहात्तर वर्षांची आहे. एकटी राहते. आई गेल्यावर आपल्याला तिनं वाढवलं, आता आपण तिला बघायला नको? इथे वेगळी खोली आहे, डॉक्टर जवळ आहे, जुळे आहेत सोबतीला. तिलाही विरंगुळा.

आणि तुलाही काही मिळणारच आहे, मला माहितेय. ती इकडे राहायला आली की गाडी तुझी, असं तिनंच सांगितलंय. तुझ्या पोर्चमध्ये तीन वर्षं टायरवर बसवून ठेवलेलं ते माझदाचं रोटरी इंजिन, ज्याच्यावर तू चादर घालतोस आणि ज्याला तुझी बायको सवत म्हणते, त्याला एकदाचं घर मिळेल.

तुझी ताई,
झोराइदा

•

मोका, प्वेर्तो रिको
२३ फेब्रुवारी

ताई,

चादर नाही, टेबलक्लॉथ आहे तो. आणि तेरा-बी आहे ते, नुसतं "माझदाचं रोटरी" काय म्हणतेस? फ्लोरिडात राहून माणसाची भाषा बिघडते ती अशी.

बाकी तुझं म्हणणं पटलं. आत्याच्याच भल्याचं आहे.

गाडीचं म्हणशील तर ती मरायला आलीय. मी काही करायची गरजच नाही, आत्या एकटी पुरेशी आहे. तू विसरली असशील ती कशी चालवते. मोन्से काकांनी बायकोला चर्चच्या रस्त्यावर शिकवायला घेतलं, दोन गिअर शिकवून झाले आणि जेवायची वेळ झाली. पुढचे दोन उद्या, म्हणाले. तो उद्या काही आला नाही, आणि आता काकाही नाहीत. पहिल्यात उचलायची, दुसऱ्यात टाकायची, आणि मग चर्च येईपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. पाय पार खाली. इंजिन किंचाळतंय, गाडी मात्र बैलासारखी चाललीय. मागे सहा गाड्या. रोज सकाळी. लोकांनी आता हॉर्न वाजवणंही सोडलंय.

मला वाईट वाटतं ते त्या गाडीचं. इतकं हलकं अंग आहे तिचं. दोघांनी मागून उचलून बाजूला ठेवावी. अशा गाडीत तेरा-बी बसवलं तर काय होईल, तुला कल्पना नाही. मला आहे. मी दुसरी कसली कल्पनाच करत नाही.

बघितली काल. नुसती बघितली. पाना घरी ठेवून गेलो होतो.

बेर्तो

•

किसिमी
४ मार्च

बेर्तो,

खोलीला रंग दिला. पिवळा. पडदेही पिवळे. जुळ्यांना सांगितलं, आजी येणार. बंद पडली का?

झो.

•

मोका
२५ मार्च

ताई,

पडली!

झावळ्यांच्या रविवारी, चर्चच्या चढावर, मिरवणुकीच्या ऐन मध्यात. सगळे झावळ्या घेऊन उभे, फादर पुढे, आणि मागून आत्या दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत. एक धडाका झाला, आणि इंजिनाच्या पोटातून लोखंडी दांडा बाहेर आला. तेलाचा पाट फादरच्या चपलांपर्यंत. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं भक्ती.

पुढचं आता शांतपणे वाच. बसून वाच.

आत्या उतरली. बॉनेट उघडायला लावलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिथे अख्खी वस्ती होती: पाववाली लूस एनेइदा, रिटायर पोलीस चागो, आणि रविवारी माझ्या पोर्चमध्ये बिअर प्यायला येतात ती सगळी पुरुषमंडळी. त्या सगळ्यांसमोर आत्या म्हणाली, "हे मेलं. पण तुझ्याकडे एक पडलंय ना, टेबलक्लॉथखाली?"

मी म्हटलं, "आत्या, ते वेगळं आहे. ते रेसचं आहे."

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे चालत नाही का ते?"

ताई, तू इथे वाढलीस. तुला माहितेय. मोकात एखाद्याला सांगितलं, बाबा रे, तुझी बायको पळून गेली, तर तो खुर्ची पुढे करतो, कॉफी घेणार का विचारतो. पण त्याच्या इंजिनाला चालत नाही म्हणायचं? भर रस्त्यात? चागो हसला. मी बघितलं त्याला हसताना. तीन वर्षं मी या लोकांना सांगत आलोय की कुठलीही हलकी गाडी आणा, महिन्यात बसवून दाखवतो.

"चालतं," मी म्हणालो.

"मग बसव," आत्या म्हणाली, आणि झावळी उचलून मिरवणुकीत गेली.

बेर्तो

•

किसिमी
२ एप्रिल

हेरिबेर्तो,

पूर्ण नावानं लिहितेय, त्यावरून समज.

"चालत नाही." दोनच शब्द होते रे. दोन! तिला इथे आणायला दोन शब्द पुरले असते. पण नाही. भाऊसाहेबांची इज्जत. कुणासमोर इज्जत? ज्या माणसांना स्वतःच्या घरचा नळ दुरुस्त करता येत नाही, त्यांच्यासमोर.

मी जुळ्यांना काय सांगू? तुमची आजी येणार होती, पण मामाला चागो हसला?

आता नीट ऐक. बसवू नकोस. एखादा भाग मिळत नाही म्हण. जपानहून यायचाय म्हण. बोट बुडाली म्हण.

झोराइदा

•

मोका
२७ एप्रिल

ताई,

बसवलं.

रागावू नकोस, आधी ऐक. मला भाग मिळत नाही म्हणायचं होतं. पण दुसऱ्याच दिवशी चागो त्याच्या पुतण्याच्या पडक्या गाडीचा गिअरबॉक्स घेऊन दारात. लूस एनेइदाच्या नवऱ्याकडे वेल्डिंग आहे. संध्याकाळी पोर्चमध्ये इतकी माणसं जमायची की बायकोनं वैतागून आल्कापुरिया वडे तळून विकायला सुरुवात केली. इंजिन बसायला पुढचा आडवा पट्टा कापला, नवा केला. मधला लांब दांडा आखूड केला. मागचा आस बदलला, कारण जुना पहिल्याच दणक्याला काडीसारखा मोडला असता. बॅटरी डिकीत. रेडिएटर दुप्पट मोठा, हे इंजिन तापतं फार. आणि काल संध्याकाळी किल्ली फिरवली.

आवाज कसा सांगू? साध्या इंजिनात पिस्टन वरखाली नाचतात. यात पिस्टनच नाहीत, दोन तिकोनी रोटर आत गरगरतात. उभं असताना ते लंगडतं, डुगडुग डुगडुग, मध्येच अडखळतं, जणू काही विसरलंय. आणि पाय दिलास की करवत. डोंगरापलीकडची कुत्री भुंकली. माझा सासरा रडला.

आणि आता तुझ्या कामाची गोष्ट. आत्याला ही चालवता येणार नाही! म्हणून तर मी निवांत आहे. क्लच इतका जड आहे की दोन्ही पायांनी दाबावासा वाटतो. कमी फेऱ्यांवर जोरच नाही. हळू चालवलं की रुसतं, बंद पडतं. आणि पेट्रोलमध्ये दर वेळी मोजून तेल मिसळावं लागतं, नाहीतर आतल्या सीलची वाट. हळू चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या हातात हे इंजिन एक दिवस टिकणार नाही. ती एक चक्कर मारेल, चढावर तीनदा बंद पडेल, किल्ली माझ्या हातात देईल. इंजिन चालतं, हे सिद्ध झालं. गाडी तिला चालत नाही, हेही सिद्ध झालं. माझी इज्जत राहिली, तुझी आत्या आली, आणि गाडी... ती मग घरातच राहील.

मदर्स डेचं तिकीट काढ तिचं. रविवारी किल्ली देतोय.

बेर्तो

•

(पोस्टकार्ड. समोर समुद्रकिनाऱ्याचं चित्र.)

४ मे
तिकीट काढू नकोस.
बे.

•

किसिमी
५ मे

बेर्तो, तिकीट काढलं! अकरा तारखेचं. तुझी अक्कल या एका बाबतीत तरी चालली. मी रडले, खरंच. पडदे धुतले पुन्हा. तिच्यासाठी कॉफीचं ते कापडी गाळणंही आणलं. सांग तिला, पेपर फिल्टर नाही, कापडीच आहे.

झो.

•

मोका
१२ मे

ताई,

पोस्टकार्ड आधी पोचायला हवं होतं. चित्र जरा मोठं होतं म्हणून उशीर झाला असेल.

काय झालं ते सांगतो. तू मला काय म्हणणार ते मी आधीच स्वतःला म्हणून घेतलंय.

आत्या बसली. क्लच दाबला. मी म्हटलं, "जड आहे ना?" ती म्हणाली, "तुम्हा दोघांना कडेवर घेऊन टेकडी चढायची मी." पहिला गिअर. मग तिनं नेहमीसारखा पाय पार खाली दाबला.

आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ताई, भर रस्त्यात, साठ माणसांसमोर. आत्या हळू जायची ती गाडी हळू होती म्हणून. आत्या स्वतः कधी हळू नव्हतीच! चोवीस वर्षं तिनं त्या बिचाऱ्या इंजिनाला दुसऱ्या गिअरमध्ये पिळलं, आणि त्यात ते मेलं. या इंजिनाला पिळलेलंच आवडतं. जगातल्या बहुतेक सगळ्या ड्रायव्हरांना ही सवय शिकवावी लागते. ती आपल्या आत्याला १९७३ सालीच लागली होती, जेवायची वेळ झाली म्हणून.

दुसरा टाकला आणि गेली. चढावर गेली, बेकरीवरून गेली. चागोची टोपी उडाली, ती अजून सापडलेली नाही. चर्चपाशी थांबली, वळली, परत आली. काच खाली केली.

"आता बरं चालतंय," म्हणाली. "पूर्वी जरा ओढत होती."

तेलाचं विचारशील. ते तिला सांगावंच लागलं नाही. "मोन्सेच्या करवतीच्या मशिनीला घालायचे तेच ना?" म्हणाली, आणि फडताळातून त्यांचं मापटं काढलं. माझ्यापेक्षा नीट मोजते.

आता सकाळी चर्चमध्ये मिसेला, प्रार्थनेला, जाते तर वस्तीला घड्याळ लागत नाही. मागे गाड्यांची रांग नसते; पुढच्या गाड्याच बाजूला होतात. रविवारी लोक मुद्दाम आग्वादाहून येतात, नुसतं ती पार्क करताना ऐकायला. ते तिला मानानं "दोन्या ओब्दुलिया" म्हणतात आणि मला "तिचा मेकॅनिक".

माझ्याकडे आता इंजिनही नाही आणि गाडीही नाही. एक टायर आहे. आणि टेबलक्लॉथ.

बेर्तो

•

किसिमी
२० मे

बेर्तो,

सगळं वाचून हसू आलं, मग हसल्याचा राग आला.

तुम्ही तिची जत्रा केलीत. सत्तरीच्या बाईला त्या डब्यात बसवून बाहेर टाळ्या वाजवताय. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकजण तरी सांज झाल्यावर तिच्याकडे डोकावतो का? तू डोकावतोस? तुझं घर दोन घरं खाली आहे, तरी तू फक्त फोन करायला जातोस.

उद्या ती न्हाणीत पडली तर कोणाला कळेल? सांग ना. फरशीवर पडून राहील, दिवसभर. आणि तू पोर्चमध्ये बसून कुठला स्पार्क प्लग चांगला यावर भांडत असशील. मला रोज हेच दिसतं. हॉटेलात कामावर लोकांना खोलीची किल्ली देताना दिसतं. जुळ्यांना पाळणाघरात ढकलताना दिसतं, जिथे पैसे थकल्यानं मला महिन्याअखेरी तोंड दाखवायची लाज वाटते. हो, लिहिलं. ती आली असती तर मला हलकं झालं असतं. त्यात काय पाप आहे?

जूनमध्ये मी येतेय. मीच बोलते तिच्याशी. तू तोंड बंद ठेव. "चालतं" हा शब्द तर उच्चारूच नकोस.

झोराइदा

•

मोका
१५ जून

झोराइदा,

देव तुझं भलं करो. तू आशीर्वाद मागितला नाहीस, तरी देतेय. फ्लोरिडाला गेल्यापासून तू फोनवर "हॅलो" म्हणतेस. आमच्याकडे आधी आशीर्वाद मागतात, मग बोलतात. असो.

अक्षर बेर्तोचं आहे, बोलणं माझं आहे. माझा उजवा हात प्लास्टरात आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, असं त्याला बजावलंय.

(ताई, मी बेर्तो. नाइलाज आहे.)

त्याला मध्ये लिहायची परवानगी नाही.

तर, मी न्हाणीत पडले. तीन तारखेला, मिसेला निघायच्या आधी. साबणावरून पाय गेला. हात खाली आला आणि मोडला. उठता येईना. फरशीवर पडल्या पडल्या मला तुझीच आठवण झाली. म्हटलं, फोनवर एकटी राहू नकोस म्हणायची, ही पोरगी बरोबर होती. आता मी इथे संध्याकाळपर्यंत, मग गुरुवारपर्यंत.

पण दहा-पंधरा मिनिटं झाली नसतील, दारावर धडाधडा. लूस एनेइदा, हाताला पीठ. तिच्या मागे चागो, डोक्यावर टोपी नाही. मग वेल्डिंगवाला. मग समोरची बाई, जी माझ्याशी अकरा वर्षं बोलत नाही. मग मिसेची प्रार्थना अर्धवट टाकून फादर. मी फरशीवर, अंगावर एक टॉवेल, आणि दारात ही वरात. माझ्या लग्नाला एवढी माणसं वेळेवर आली नव्हती.

मी विचारलं, तुम्ही कसे आलात? सगळे एकदम म्हणाले, "गाडीचा आवाज आला नाही."

पहिल्या आठवड्यात झोपमोड होते म्हणून शिव्या घालत होते ना सगळे आवाजाला. आता अख्ख्या वस्तीचे कान त्याच्यावर लागलेत. तो आला की कॉफी ठेवतात. नाही आला की माझ्या दारात येतात. जुन्या इंजिनानं हे कधी केलं असतं?

बेर्तो शेवटी आला. हातात स्पार्क प्लग घेऊन. दारातूनच ओरडला, "काय झालं गाडीला?"

(हे लिहायलाच हवं का? हवं म्हणते.)

आता दुसरी गोष्ट. ज्या मुलानं शाळेत कधी निबंध पुरा केला नाही, मदर्स डेला मला द्यायचं कार्डसुद्धा ज्यानं माझ्याकडूनच लिहून घेतलं, तो फेब्रुवारीपासून पोस्टात खेटे घालतोय. आणि तू, जी नाताळाला एक कार्ड पाठवतेस आणि त्यावरही छापील मजकूर, तू त्याला पाकिटावर पाकीट धाडतेस. मी तुरी सोलते, तुर्रमखान नाही, तरी एवढं मला कळतं. तुम्ही दोघं लहानपणी एकमेकांशी गोड बोलायला लागलात की मी आधी साखरेचा डबा बघायची.

माझा शब्द खरा होता. झावळ्यांच्या रविवारी गाडी मेली तेव्हा मी मनात बॅग भरायला घेतली होती. बॉनेट उघडायला लावलं ते निरोप घ्यायला. मग तुझा भाऊ दिसला, भक्तिभावानं रडताना. म्हटलं, देवाला एक संधी देऊन बघू. "चालत नाही का ते?" एवढंच विचारलं मी. तो नाही म्हणाला असता तर आज मी तुझ्या पिवळ्या खोलीत असते. पडदे पिवळे आहेत ते तूच मला फोनवर सांगितलंस, कोणासाठी ते सांगायचं विसरलीस. पण चागो शेजारी उभा असताना तो नाही म्हणेल? मी वाढवलंय त्याला. मला त्याचा स्वभाव माहीत होता.

(ताई, चागो तेव्हा खरंच हसला होता.)

डॉक्टर म्हणतो दीड महिना गाडी नको, गिअरचा दांडा उजव्या हाताला आहे. मी म्हटलं, मी कधी बदलला? बेर्तो सकाळी येतो, दुसऱ्यात टाकून देतो, आणि शेजारी बसतो, मांडीवर तेलाचा डबा घेऊन. वाटेत लोक हात करतात. त्याला वाटतं त्याला करतात.

तुझ्या लेकरांना सुट्टी लागली असेल. इकडे पाठव. पाळणाघराला जुलै-ऑगस्ट कुलूप घाल. मी तुम्हा दोघांना सांभाळलं, तेव्हा मला कोणी वेगळी खोली आहे का, डॉक्टर जवळ आहे का, असं विचारलं नव्हतं. हवं तर तूही ये. पण मला न्यायला येऊ नकोस. राहायला ये.

गाळणं घेऊन ये. इथलं फाटलंय.

तुझी आत्या,
ओब्दुलिया

(ताई, एकच. लंगडा आवाज आता जरा सुधारलाय. मी काल सकाळी कार्बोरेटर नीट जुळवून दिला. तिनं "बरं" म्हटलं. — बे.)

•

किसिमी
२२ जून

आत्या, आशीर्वाद दे.

पाच जुलैला आग्वादियाच्या विमानतळावर उतरतो, दुपारी. जुळे, मी आणि गाळणं. बॅग चार आठवड्यांची आहे. पिवळी खोली नवऱ्यानं घेतली, त्यात त्यानं आजच एक टायर आणून ठेवलाय. मी विचारलं नाही कशासाठी.

तुझ्या पत्रातलं सगळं कबूल. साखरेच्या डब्याचं मात्र बेर्तोनं केलं होतं.

पाच तारखेपर्यंत एक कर. मी उद्यापासून रोज सकाळी, तू निघतेस तेव्हा, फोन करणार आहे. तुला बोलायला लावणार नाही, हॅलोसुद्धा म्हणणार नाही. बेर्तोला सांग, गाडी सुरू करून आत जाऊन फोन उचल आणि नुसता रिसीव्हर खिडकीत धर.

आणि त्याला सांग, मध्ये बोलू नकोस. मला नीट ऐकू येऊ दे.

तुझी,
झोराइदा